हळदीकुंकवाचं बदक

कुंदाच्या आबांना बसता येत नाही. पायात काही दोष नाही, देवाच्या दयेनं माणूस धडधाकट आहे. पण बूड टेकलं रे टेकलं की त्यांना काहीतरी आठवतं. जेवताना दोन घास खाऊन उठतील, गोठ्यात डोकावतील, परत येऊन ताटावर बसतील, आणि वर मलाच विचारतील की भाकरी गार कशी झाली. लग्न होऊन मी आले तेव्हा वाटलं, नव्या नवरीसमोर बावचळले असतील. पुढं कळलं की हा जन्माचा गुण आहे. त्यात अडतीस साली श्रावणात आमची कुंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि मग तर विचारूच नका.

त्यांच्या येरझाऱ्यांचा मला राग यायचा, पण कारणही ठाऊक होतं. त्यांची थोरली बहीण ताईबाई ह्याच घरात, ह्याच माजघरात पहिल्या खेपेला गेली. मूलही गेलं. हे तेव्हा लहान होते. घरच्यांनी सांगितलं, तू ओट्यावर बस, हलू नको. आणि हे बसून राहिले, आतून रडणं ऐकू येईपर्यंत. तेव्हापासून त्यांना बसणं सोसत नाही असं ह्यांच्या आत्याबाई म्हणायच्या. सासूबाईंचं म्हणणं, कार्टं त्याच्या आधीही असंच होतं. दोन्ही खरं असेल.

आमचं गाव असोद्याच्या पलीकडे. कोरड्या दिवसांत जळगाव काही लांब नाही, पण पावसात काळी माती चाकाला धरली की वाट संपता संपत नाही. जावई लीलाधरराव भुसावळला रेल्वेत. कुंदाला पोचवून ते ड्युटीवर गेले, आणि घरात आम्ही तिघं उरलो. कुंदा माजघरात पाय पसरून गोधडी शिवत बसायची. आबा दर घटकेला दारात येऊन ‘बरी हायेस ना?’ विचारायचे. ती ‘बरी हाये’ म्हणायची. ते जायचे आणि पुन्हा यायचे. शेवटी एक दिवस मीच त्यांच्या हातात विळा दिला आणि म्हटलं, जा, बांधावरचं गवत कापून आणा, जरा माझा जीव सोडा.

केळीच्या बागेच्या खालच्या अंगाला आमचा एक बांध आहे. त्याच्या पलीकडे उतार आणि मग गावतळं. पावसाळ्यात त्या बांधावर कमरेइतकं गवत माजतं. आबा गेले आणि लगेच परत आले, रिकामे.

‘बांधावर बदक बसलं हाये,’ ते म्हणाले. ‘अंड्यांवर.’

‘मंग? गवत कुठी हाये?’

‘गवत नही कापलं. तिच्या डोक्यावरचं छप्पर हाये ते.’

आमच्याकडे ह्या रानबदकाला हळदीकुंकवाचं बदक म्हणतात. काळी चोच, टोकाला पिवळी धमक, आणि मुळाशी दोन्ही अंगांना लाल ठिपका. नर कोण, मादी कोण, हे मला काही दिसण्यावरून सांगता यायचं नाही, दोघंही हळदकुंकू लावूनच हिंडतात. पण एक अंड्यांवर बसायची आणि दुसरा तळ्यात मजेत पोहत राहायचा, त्यावरून काय ते मी समजले. हे म्हणाले, सवाशीण स्वतःहून आपल्या बांधावर बाळंतपणाला आली. मी म्हटलं, तिला म्हणावं, आधीच एक आहे घरात.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला दाखवलं. गवत बाजूला केलं तर अगदी पायाशी होती. मातीच्या रंगाची, दिसतसुद्धा नव्हती. छातीची मऊ पिसं उपटून तिनं अंड्यांभोवती अंथरली होती, आणि माझी सावली अंगावर पडली तरी ती हलली नाही. डोळा तेवढा माझ्यावर होता. मला एकदम कुंदाची आठवण आली आणि मी गवत सोडून दिलं.

आमच्या लोकांना एखादी गोष्ट आवडली की ते आधी तिला कुंपण घालतात. आबांनी बाभळीच्या काट्या आणल्या, घरट्याभोवती रचल्या आणि केळीच्या वाळक्या सोपटानं गाठी मारून आवळल्या. तळ्याच्या बाजूनं तिला जायला-यायला फट ठेवली, एवढं तरी सुचलं. मग तिला भूक लागत असेल म्हणून रोज ओंजळभर ज्वारी टाकू लागले. ज्वारीला तिनं चोच लावली नाही, पण उंदीर आले. उंदरांमागं मुंगूस आलं. मुंगसाच्या भीतीनं ह्यांनी कुंपण आणखी दाट केलं. मी म्हटलं, अहो, आता दारावर एक कुलूप तेवढं लावा. त्यावर ते खरोखर विचारात पडले.

कुंदाला ह्या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. संध्याकाळी आबा आले की ती गोधडी बाजूला ठेवून विचारायची, ‘काय म्हनते तुमची दुसरी लेक?’ आणि ते सगळं सांगायचे, आज ऊन होतं तर पंख कसे पसरून बसली होती, पाऊस आला तर कशी मान आत घेतली. एकदा कुंदा हसून म्हणाली, ‘आबा, तुम्ही तिचं बायंतपन करता का माझं?’ ते हसले नाहीत. उठून बाहेर गेले.

त्या रात्री त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, मी कौल लावला आहे. देवळात फूल चिकटवून लावतात तसा नाही, मनातल्या मनात. तिची पिल्लं सुखरूप निघाली तर आपली कुंदा सुखरूप. मी भडकले. माझी पोर काय वाटेवर पडली आहे, पाखराच्या गळ्यात बांधायला? तळ्यावर कोल्हे येतात, साप येतात, उद्या काही झालं तर काय कराल? ते म्हणाले, म्हणून तर कुंपण घातलं. मी पाठ फिरवून पडले. पण दुसऱ्या दिवशी ते शेतातून आले तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारला, ‘बसली हाये ना?’ पुढं रोजच विचारू लागले. माणसाच्या मनाला लाज नसते.

एका संध्याकाळी ते धावत आले. घरट्यात ती नव्हती. अंड्यांवर पिसं पांघरलेली, आणि वर ही नाही. गेली टाकून, म्हणत ते अंगणात गोल गोल फिरत राहिले. जेवले नाहीत, मलाही जेवू दिलं नाही. पहाटे उठून गेले तर बाई जागेवर. तिलाही पोट आहे, तळ्यावर जाऊन चार घास खाऊन येत असेल, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या घरात काय, आळीतसुद्धा कोंबडी नाही; अंडं आम्ही पाहणार कुठं, त्याचं काय होतं ते कळणार कुठं? आम्हाला पाखरांची पिल्लं ठाऊक ती चिमण्यांची न् पारव्यांची, आढ्यावरची. लाल, उघडी, डोळे मिटलेली, आई भरवील तेव्हा चोच वासणारी. आबांनी तर ठरवून टाकलं होतं की पिल्लं निघाल्यावर पंख फुटेस्तोवर रोज राखण करायची, त्यासाठी बांधावर मचाण घालायचं.

मचाण घालायची वेळ आली नाही. पोळा झाला आणि एका संध्याकाळी कुंदाला कळा सुरू झाल्या.

सुईण भिकुबाई. मूळची दोंडाईच्याची; इकडे येऊन केस पांढरे झाले तरी बोली तिकडची अहिराणीच. कुंदाला ह्या जगात आणलं ते तिनंच. माझा तिच्या हातांवर विश्वास होता आणि अजून आहे. रात्र गेली. सकाळी तिनं तेल लावून कुंदाच्या पोटावर हात फिरवला, मग पुन्हा फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पोर आडवं शे. पन मी फिरावसू. घाबरू नका.’

मी घाबरले. कुंदाचे ओठ कोरडे पडले होते. दोन कळांच्या मधे ती डोळे मिटून पडायची, आणि ती गप्प झाली की मला तिचं ओरडणं बरं वाटायचं. बाहेर आबांच्या वहाणांचा आवाज: ओटा, अंगण, गोठा, अंगण, ओटा. मधेच तो थांबला की मी दारातून डोकवायची. मी चुलीवर पाणी ठेवायची, उतरवायची, पुन्हा ठेवायची. पाण्याचं काही काम नव्हतं.

दुपार झाली तरी पोर फिरेना. तेव्हा भिकुबाई म्हणाली, ‘घरमान्या बठ्ठ्या गाठी सोडा. कुलपं उघडा, झाकनं काढा. काहीच बांधेल नको.’

हे आमच्याकडे करतातच. अडलेल्या बाईच्या घरात काही बांधलेलं, झाकलेलं राहू देत नाहीत. मी कुंदाची वेणी सोडली, माझा अंबाडा सोडला, ट्रंकेचं कुलूप काढलं, कणग्यांची झाकणं काढली, लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडलं. बाहेर आबांना एकदाचं काम मिळालं. त्यांनी मोटेचा नाडा सोडला, पोत्यांची तोंडं सोडली, गोठ्यात जाऊन गाय सोडली, वासरू सोडलं, दोन्ही बैल सोडले. बैलांना कुणी सोडायला सांगितलं होतं? पण ते सांगून ऐकतात थोडंच! बैलांनी दोन दिवस चिखल तुडवला नव्हता, ते शेपट्या वर करून निघाले. मग आबांना आठवलं की बांधावरच्या कुंपणाला गाठी आहेत, स्वतःच्या हातानं मारलेल्या, आवळून आवळून. ते तसेच अनवाणी शेताकडे पळाले.

परत आले तेव्हा मी दारातच होते. त्यांनी मूठ उघडली. आत अंड्याचं टरफल होतं, अर्धं, आतून ओलं.

‘खाल्ले,’ ते म्हणाले. ‘सारे खाल्ले. मुंगसानं. नुस्ती टरफलं हायेत, बदक बी दिसत नही. कुंदाले जळगावच्या दवाखान्यात न्या लागते. आताच.’

मला खरं सांगायचं तर ते टरफल बघितलं आणि मी गोधड्या काढायला वळले. पाखराचं आणि माझ्या पोरीचं काही नातं नाही हे मीच त्यांना सुनावलं होतं. तरी वळले.

भिकुबाई हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘भाऊ, आशा टाइमले तिले हलवू नही. वाटमा धक्का बसतीन, चिखल शे. मी फिरावस ना पोर.’

‘ताईले बी नही हलवलं,’ आबा म्हणाले.

ताईबाईच्या वेळी भिकुबाईची सासू सुईण होती, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. भिकुबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, ‘मंग मी बी येस.’

आता दमणी, आमची पडद्याची बैलगाडी, जुंपायची तर बैल कुठं? आबा गोठ्यात गेले आणि रिकाम्या दाव्यांकडे बघत उभे राहिले. त्यांना मी इतकं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं. मग डोक्यावर मारून घेतलं आणि गल्लीतून हाका मारत सुटले. एक बैल मारुतीच्या पारामागं चरताना सापडला. दुसरा सापडेना. शेजारच्या शालिग्रामनं स्वतःचा आणून दिला, ‘वच्छलाअक्का, काही काळजी करू नका’ म्हणत मला धीर दिला, आणि जू धरलं. आमचा बैल उंच, त्याचा बुटका. जू एका बाजूला कललेलं. दमणीत गवत टाकलं, गवतावर गोधड्या, आणि कुंदाला उचलून ठेवलं. ती एकदाच म्हणाली, ‘माय, मले पडू देऊ नको.’

पाऊस भुरभुरत होता. दमणी सारखी डावीकडे ओढायची आणि आबा खाली उतरून बैलांच्या बरोबरीनं चालत, कासरा आणि शिव्या दोन्ही हाती धरून, तिला वाटेवर आणायचे. चाकांना माती धरली की शालिग्रामनं दिलेल्या काठीनं खरवडायचे आणि पुन्हा पळायचे. मी कुंदाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. भिकुबाईनं तिचं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, धक्का बसला की ती स्वतः कळवळायची. मला वाटत होतं, आपण चूक करतो आहोत. पुढच्या क्षणी वाटायचं, आधीच का नाही निघालो. दोन्ही एकदम वाटायचं आणि गाडी हलायची तशी मी हलत होते.

वाट गावतळ्याच्या पाळीवरून जाते. आबा पुढं चालले होते, आणि एकदम दमणी थांबली.

‘कुंदाच्या माय! पाह्य! अवं, पाह्य!’

मी पडदा बाजूला केला. तळ्यात, काठापासून थोडं आत, ती पोहत होती. पिवळ्या टोकाची काळी चोच वर, मान ताठ. आणि तिच्या मागं पिल्लं. उघडी नाहीत, आंधळी नाहीत. अंगभर लव, काळसर पिवळी, पाण्यावर तरंगत, इकडे तिकडे पळत, गवताच्या पात्यावरचा किडा स्वतःच टिपत. आई त्यांना भरवत नव्हती. ती नुसती पुढं जात होती आणि ती तिच्या मागं. सकाळी अंड्यातून निघालेली पोरं आणि दुपारी ही तळ्यात! मुंगसानं काहीच खाल्लं नव्हतं. तिनं स्वतःच त्यांना घेऊन, बांध उतरून, चालत पाणी गाठलं होतं.

आबांनी बोटं नाचवत मोजली. ‘नऊ! अवं, नऊच्या नऊ! एक बी गेलं नही!’ पावसात भिजलेला तो माणूस हसत होता, रडत होता, काय ते कळत नव्हतं. मीही मोजली. नऊ होती.

भिकुबाईनं हात जोडले. कौलाचं मी तिला रात्रीच सांगितलं होतं. ‘देवनी उजवा कौल दिधा, भाऊ. आते गाडी माघारी फिराव. घर जवय शे, अजून वाट मोठी शे. घरमा गरम पानी शे, मी शे. बठ्ठं नीट व्हई.’

आणि आबांनी बैल वळवायला घेतले. मी त्यांना बोल लावत नाही, कारण मलाही तेच हवं होतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. घर, चूल, माजघर, ओळखीची भिंत. डोळ्यांसमोर देवानं नऊ पिल्लं दाखवली, अजून काय दाखवायचं त्यानं? बुटका बैल वळला, उंच वळेना, जू कुरकुरलं. त्या धक्क्यानं कुंदानं डोळे उघडले.

‘आबा, कशाले थांबले?’

आबा चाकापाशी आले. ‘पोरी, निघाले! तिचे पिल्ले निघाले, सारे सुखरूप हायेत! आता तू बी सुखरूप व्हशीन. घरी जाऊ.’

कुंदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग कळ आली. तिनं माझा हात असा धरला की बांगडी फुटली. कळ ओसरल्यावर ती हळू आवाजात, अगदी शांतपणे म्हणाली, ‘तिचे निघाले, आबा. माझं आतच हाये. हाका गाडी.’

भिकुबाईनं तिच्या पोटावर ठेवलेला हात वर घेतला, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा खाली ठेवला. ‘चाल, भाऊ,’ ती म्हणाली. ‘पोर खरं बोली ऱ्हायनी. मनाघाई व्हत नही.’ माझ्याच्यानं होत नाही, हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

आबांनी बैलांची तोंडं जळगावाकडे केली. त्यानंतर त्यांनी तळ्याकडे वळून पाहिलं नाही. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. नुसते पळत होते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लावत होते. डॉक्टरीणबाईंनी कुंदाला बघितलं आणि लगेच आत घेतलं. जाताजाता भिकुबाईला विचारलं, कळा कधीपासून, पाणी कधी गेलं, पोर कसं आहे. भिकुबाईनं एकेक नीट सांगितलं, काही लपवलं नाही. दार लागलं. मी त्या दाराकडे बघत मनात गाठी सोडत बसले. घरातल्या सगळ्या सोडल्या होत्या, तरी वाटत होतं, एखादी राहिली असेल. आबा व्हरांड्यात फिरत होते. तिथली आया म्हणाली, बाबा, एका जागी बसा. मी तिला म्हटलं, बाई, त्यांना फिरू दे.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचं फडकं खाली केलं. आई वाचली, म्हणाल्या. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता. उशीर झाला असता तर आईही हाती लागली नसती.

आनंद झाला का दुःख, मला सांगता येत नाही. दोन्ही एका घोटात गिळावं लागलं. भिकुबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आबांनी विचारलं, मला बघायला मिळेल का. त्यांनी ते बाळ बघितलं. त्याला घेऊन कुठं गेले, कुठं ठेवून आले, मी विचारलं नाही. परत आले तेव्हा हात मातीनं भरले होते, आणि त्यांना हात धुवायचं सुचत नव्हतं. मी तांब्या घेऊन त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा शुद्धीवर आली. आम्ही काही सांगण्याआधीच तिला कळलं होतं. कुशीकडे तिनं हात नेला आणि तसाच परत घेतला. मी बोलायला गेले तर तिनं मान हलवली. रडली असती तर बरं झालं असतं. लीलाधरराव भुसावळहून येऊन पायाशी उभे होते, त्यांच्याकडेही तिनं पाहिलं नाही. मग म्हणाली, ‘आबा कुठी हायेत?’

आबा आत आले. खाटेजवळ उभे राहिले.

‘आबा,’ कुंदा म्हणाली, ‘तळ्यावर मी पाह्यलं नही. तिचे सारे व्हते का?’

बाहेर गाडीवाले कुणालातरी हाका मारत होते. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘नही, माय,’ ते म्हणाले. ‘एक कमी व्हतं.’

कुंदानं मान वळवली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मंग? ती थांबली का त्याच्यासाठी?’

‘थांबली. लय थांबली. फिरून फिरून काठाले येत व्हती.’

‘अन् मंग?’

आबा खाटेच्या कडेवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. ‘मंग बाकीचे व्हते ना, पोरी,’ ते म्हणाले. ‘त्यांच्यासंगं गेली.’

कुंदा तेव्हा रडली. तोंड उघडून, लहानपणी रडायची तशी, आणि मी देवाचे आभार मानले. लीलाधरराव पुढं आले आणि त्यांनी तिच्या पायांवर पांघरूण घातलं.

माझी जीभ किती तिखट आहे हे गावाला माहीत आहे. ह्या माणसाची थाप मी कधी खपवून घेतलेली नाही, ताटावरची नाही की बाजारातली नाही. पण पिल्लं नऊच्या नऊ होती हे मी त्या दिवशी बोलले नाही, आणि अजूनही कुंदासमोर बोलत नाही.